धुराड्यातला जीआय पाइप गंजून चाळण झालाय, नवा कुठला टाकायचा आणि कसा? (गगनबावडा, विटांचं धुराडं, कौलारू घर)

करूळघाट:
मंडळी, गगनबावड्याजवळचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. स्वयंपाकघरात विटांचं धुराडं, आतून ९ बाय ९ इंच, चुलीपासून टोपीपर्यंत साधारण ६ मीटर. त्यात ६ इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप आहे, तो जोडाजोडाला गंजून गेलाय. माळ्यावरच्या भिंतीला तपकिरी ओघळ आणि पलीकडच्या खोलीत धुराचा आंबूस वास. गवंडी म्हणतो पाणी वरनं येतंय, टोपीवर डांबर ओता. पत्र्याचं काम करणारा म्हणतो नुसता पाइप बदला. चुलीचं धुराचं तोंड ६ इंची, जळण आडजात लाकूड आणि शेणी, जाळ दोन्ही वेळचा. पाइप कुठला, किती आणि कामाचा क्रम काय, हे जाणकारांनी सांगावं.

ओळंबा:
आधी डाग बघा, मग खर्च करा. पांढरी मिठासारखी भुकटी भिंतीवर फुलते आणि फक्त पावसात ओल दिसते, तेव्हा पाणी बाहेरून येतंय. डाग तपकिरी-काळा असेल, बोटाला चिकट लागत असेल, वास येत असेल आणि जानेवारीतही ओघळ ताजा दिसत असेल, तर ते पाणी धुरातलंच आहे. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराचं आहे, थोडं पहिलंही असेल. बावड्यात दोन्ही एकदमच असतात.

डांबर मात्र नको. त्यानं विटेतली ओल आतच कोंडते आणि एक-दोन पावसाळ्यांत विटेचा पापुद्रा सुटायला लागतो.

तापमापी:
ओळंबा यांच्या म्हणण्यात आकडे घालतो. एक किलो सुकं लाकूड जळलं की त्यातल्या हायड्रोजनमुळे अर्धा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन धुरात जातं. जळणात ३० टक्के ओल असेल तर किलोमागे सुमारे ७०० मिली. ही वाफ बाहेर पडेपर्यंत वाफच राहायला हवी. पाइपची आतली बाजू साधारण ५० अंशांच्या खाली गेली की तिथं पाणी सुटतं आणि काजळीतली आम्लं घेऊन खाली उतरतं. धूर १२० अंशांच्या खाली आला की चिकट, डांबरासारखी काजळी धरायला सुरुवात होते.

आता तुमचं धुराडं घ्या. ९ बाय ९ इंच म्हणजे ५२९ चौरस सेंटीमीटर. ६ इंची नळीचं तोंड १७७. जुना पाइप जिथं फुटलाय तिथून धूर तिप्पट मोठ्या पोकळीत शिरतो, त्याचा वेग एक तृतीयांशावर येतो, गार विटांना घासत रेंगाळतो आणि तिथंच घाम धरतो. वर माळ्याच्या पुढचा भाग चारी बाजूंनी वाऱ्या-पावसात उभा. सगळ्यात जास्त ओघळ नेमके तिथं असणार.

म्हणजे नुसता पाइप बदलून भागणार नाही. पाइप आणि वीट यांच्यामध्ये उष्णता धरून ठेवणारं अस्तर पाहिजे. या कामातला अर्धा जीव त्या अस्तरात आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच कोणी घालत नाही.

उद्यमनगर_शीटमेटल:
पाइपचं मी सांगतो. जीआय नको, कितीही जाड मिळाला तरी. जस्ताचा थर आम्लाच्या पाण्यात टिकत नाही, २०० अंशांच्या वर तो सुटायला लागतो आणि ४१९ ला जस्तच वितळतं. धुराड्यात कधी काजळी पेटली तर आत हजार अंशांच्या वर जातं.

बावड्यासाठी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा प्रकार), जाडी ०.८ मिमी, आतला व्यास १५० मिमी. चुलीचं तोंड जेवढं तेवढाच पाइप, लहान अजिबात नाही. एक मीटरच्या नळ्या करून घ्या. प्रत्येक जोडात ५० मिमी आत जाणार, म्हणजे एका नळीनं ९५० मिमी उंची मिळते. ६ मीटर आणि धुराड्याच्या माथ्यावरच्या स्लॅबच्या बाहेर काढायचे २०० मिमी धरून ७ नळ्या लागतात. वजन मीटरला ३ किलो, म्हणजे नळ्या २१ किलो. टी (बुडाला बसणारा टी आकाराचा जोड), झाकण आणि टोपी वेगळं. दर नळीचा विचारू नका, पत्र्याचा किलोचा आणि मजुरी वेगळी विचारा. मग कोण किती लावतोय ते लगेच कळतं.

बाजारात ३०४ म्हणून २०२ हा हलका स्टेनलेस गळ्यात मारतात. लोहचुंबक लावून काही कळत नाही, २०२ लाही तो चिकटत नाही. थेंब टाकून रंग बघायची टेस्टिंग बाटली मिळते ती वापरा, नाहीतर पत्रा घेतानाच टेस्ट सर्टिफिकेट मागा. २०२ घरातल्या रेलिंगला ठीक, धुराड्यात तो दोन-चार पावसाळ्यांचा सोबती.

वेल्डिंग आर्गनचंच, ३०४ ला ३०८एल ची रॉड. वेल्डच्या कडेला जो तपकिरी-निळा पट्टा येतो तो पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) लावून, धुवून काढायला सांगा. बरेच जण हे टाळतात. गंज पहिल्यांदा त्याच पट्ट्यात धरतो.

आता जोड. वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीच्या आत बसलं पाहिजे. आपल्याकडे कौलाच्या सवयीनं उलटं करतात, वरची नळी खालचीवर टोपीसारखी बसवतात. पावसाला ते बरोबर आहे, पण इथं पाणी नळीच्या आतून उतरतं. उलट्या जोडातून ते थेट बाहेर अस्तरात जातं. तुमचा जुना पाइप जोडाजोडालाच का खाल्ला गेला ते यातच आलं. प्रत्येक जोडाला तीन एसएस रिव्हेट. ॲल्युमिनियमच्या नकोत, काजळी पेटली तर त्या आधी वितळतात.

शाहूपुरी_हार्डवेअर:
जीआय स्वस्त पडतो आणि सात-आठ वर्षं जातो की. दर वेळी नवा टाकायचा, एवढा हिशेब कशाला?

ओळंबा:
साहेब, पाइप उघड्यावर असता तर मान्य. तो विटांच्या आत आहे. गंजून भोक पडल्याचं कळतं तेव्हा विटेनं वर्षभर आम्ल पिऊन झालेलं असतं, आणि तो बाहेर काढायला टोपी फोडावी लागते. पाइप बदलण्याची मजुरी पाइपपेक्षा जास्त आहे.

आणि खरी काळजी पैशाची नाहीच. फुटक्या पाइपमधून धूर पलीकडच्या खोलीत जातोय म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही जातोय. त्याला वास नसतो. करूळघाट, काम होईपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नका आणि जाळ चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा.

मालवणी_माजघर:
यात मधेच विचारते. आमचं घर मालवणला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथंही असंच धुराडं आहे, जळण म्हणजे नारळाची सोडणं (सालं), करवंट्या आणि चुडतं (सुक्या झावळ्या). तिथंही ३०४ चालेल का?

उद्यमनगर_शीटमेटल:
ताई, तिथं ३१६एल. ३०४ आणि ३१६ मध्ये मुख्य फरक म्हणजे ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठानं पडणारे बारीक खड्डे उशिरा पडतात. ३०४ ला खाऱ्या हवेत सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, बाकी पत्रा चकचकीत दिसतो, म्हणून फसायला होतं. वेल्डची रॉडही ३१६एल चीच घ्यायला सांगा, नाहीतर पत्रा भारी आणि शिवण हलकी.

तापमापी:
मालवणला मीठ दोन्हीकडून आहे, ताई. बाहेरून हवेतलं, आणि आतून जळणातलं. नारळाच्या सोडणांत क्लोरीन आणि पोटॅशियम लाकडापेक्षा बरंच जास्त असतं. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड तर जाळूच नका, ते मिठात मुरलेलं असतं. तीच गोष्ट प्लास्टिकची. पीव्हीसीच्या वायरचा एक तुकडा चुलीत गेला तरी त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं.

दुसरं, ३१६एल सुद्धा काजळीखाली खराब होतं. पावसाळ्यात घर बंद ठेवत असाल तर आत राहिलेली काजळी हवेतली ओल ओढते आणि चार महिने आम्लाचा लेप लावल्यासारखं होतं. धुराडं मिरगाच्या आधी साफ झालं पाहिजे, दिवाळीला नाही. ब्रश नायलॉनचा. लोखंडी तारेचा ब्रश एसएसवर लोखंडाचे कण सोडतो आणि तेच गंजाचं बी होतं.

गवंडीकाम:
करूळघाट दादा, आता कामाचा क्रम. फेब्रुवारी ते मे, विटा सुक्या असताना.

पहिलं, जुनं काढा. जुन्या धुराड्यात कधी कधी करड्या सिमेंटचा पाइप निघतो. तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला ग्राइंडर लावू नका, फोडू नका. पाण्यानं पूर्ण भिजवायचा, अखंड बाहेर काढायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, तोंडाला चांगला मास्क लावायचा. तुमचा जीआय आहे, तो तुकड्यातुकड्यानं वर ओढा.

मग आतून काजळी खरवडा आणि दोरीला मोबाईल बांधून, टॉर्च चालू ठेवून आतलं चित्रण करून घ्या. विटांचे सांधे मोकळे दिसले तर ते भरायला पाहिजेत. बाहेरून दर्जा (विटांमधले सांधे) भराव्या लागणार असतील तर जुना माल २० मिमी खोल खरवडून काढा, पाणी मारा आणि सिमेंट-चुना-वाळू १:१:६ नं भरा. १:३ चा नुसता सिमेंटचा माल वापरू नका. तो जुन्या विटेपेक्षा टणक होतो, तापलं-गार झालं की वीटच कडेनं फुटते.

त्यानंतर डमी सोडा. २०० मिमी व्यासाचा, दोन फूट लांबीचा पत्र्याचा डबा, दोन्ही टोकांना दोरी. एक दोरी वर, एक खाली. तो वरून खालपर्यंत न अडकता गेला तरच पुढचं काम. हा टप्पा गाळून पाइप अर्ध्यात अडकलेली कामं बऱ्याच ठिकाणी दिसतात, आणि अडकलेला पाइप अस्तरासकट वर ओढताना अस्तर फाटतं.

अस्तर: सिरॅमिक फायबर ब्लँकेट, २५ मिमी जाड, १२८ घनतेचं (घनमीटरला १२८ किलो). रोल साधारण ७.३ मीटर लांब आणि ६१० मिमी रुंद येतो. १५० च्या नळीवर २५ मिमी चढलं की बाहेरचा व्यास २००, त्याचा घेर ६२८. ब्लँकेट आतून दबतं, त्यामुळे ६१० ची रुंदी उभी गुंडाळली तरी कडा एकमेकींवर येतात. तुमच्या उंचीला एक रोल पुरतो. वरून एसएसची जाळी आणि एसएसचीच बांधायची तार. साधी बाइंडिंग वायर ओलीत वर्षभरात तुटते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क. त्याचे धागे काचेसारखे टोचतात.

९ इंच म्हणजे २३० मिमी, त्यात २०० चं पुडकं, चारी बाजूंनी १५ मिमी मोकळं. बरोबर बसतंय. सगळं मिळून ३२ ते ३५ किलो होतं, दोन माणसं वरून दोरीनं आरामात सोडतात. सगळ्यात खालच्या नळीत आडवी सळई घालून दोरी तिला बांधा, म्हणजे भार रिव्हेटवर येत नाही. एक नळी सोडायची, वर पुढची बसवायची, रिव्हेट मारायच्या, अस्तर गुंडाळायचं, पुन्हा खाली सोडायची.

खाली टी बसवा, ती एसएसच्या अँगलवर टेकली पाहिजे. चुलीकडून येणारा फाटा काटकोनात नको, ४५ अंशात. टीच्या बुडाला उघडणारं झाकण, त्याला ६ मिमीचं भोक. पहिले काही दिवस त्याखाली डबा ठेवा. रोज वाटीभर तपकिरी पाणी साचत असेल तर जळण ओलं आहे किंवा अस्तर कुठंतरी सुटलंय.

ओळंबा:
वरची स्लॅब राहिली. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

एसएस तापला की वाढतो. ६ मीटरचा पाइप २०० अंशांनी तापला तर साधारण २० मिमी लांब होतो. खाली टी टेकलेली आहे, म्हणजे सगळी वाढ वर जाणार. पाइपभोवती सिमेंट घट्ट भरलं की पहिल्याच मोठ्या जाळात ते तडकतं आणि त्या तडीतून पाऊस थेट अस्तरात.

म्हणून स्लॅब जमिनीवरच ओता. तुमचं धुराडं बाहेरून ४६० मिमी धरलं, तर चारी बाजूंनी ५० बाहेर काढून ५६० मिमी चौरस. मधोमध ७५ जाड, कडेला ५०, म्हणजे पाण्याला उतार मिळतो. बाहेर आलेल्या कडेच्या खालून पाणी तुटायला बोटभर खाच. मधलं भोक १७० मिमी, म्हणजे पाइपभोवती १० मिमी मोकळं, आणि भोकाभोवती ५० मिमी उंच कठडा. दहा दिवस पाणी मारा. वजन ४५ किलोच्या आसपास, परांचीवर दोन माणसं चढवतात. अस्तर स्लॅबच्या खाली थांबवा, भोकातल्या १० मिमीत सिरॅमिकची दोरी सैल बसवा.

मग पाइपला एसएसची छत्री, क्लॅम्पनं घट्ट. छत्रीची खालची कड थंड असताना कठड्यावर ४० मिमी खाली आलेली पाहिजे. पाइप तापून २० वर गेला तरी २० मिमी झाकलेलंच राहतं. टोपी ३०० मिमी रुंद, पाइपच्या तोंडापासून ७५ मिमी वर. जाळी लावायची तर १२ मिमीच्या भोकांची आणि काढता येईल अशी. बारीक जाळी काजळीनं बुजते आणि मग धूर घरात.

करूळघाट:
फारच मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. दोन शंका. धुराडं कौलांतून बाहेर येतं तिथला सांधा कशानं बंद करायचा? आणि आढ्यापेक्षा किती वर पाहिजे?

गवंडीकाम:
सांध्यात एम-सील, सिलिकॉन काही टिकत नाही. विटेच्या दर्जेत २५ मिमी खाच मारून ॲल्युमिनियमचा किंवा शिश्याचा पत्रा त्यात वळवून बसवा, खाली तो कौलावर १५० मिमी उतरला पाहिजे. चढाच्या बाजूला, म्हणजे आढ्याकडे, पाणी धुराड्यावर आपटतं. तिथं पत्र्याची छोटी पन्हळ करून पाणी दोन्ही बाजूंना काढा.

उंचीचा ठोकताळा: छपरातून बाहेर पडतं तिथून किमान ९० सेंटीमीटर, आणि ३ मीटरच्या आत जे काही आहे, आढं असो की झाडाची फांदी, त्याच्यापेक्षा ६० सेंटीमीटर वर. यापेक्षा बुटकं असलं की पावसाळी वाऱ्यात धूर उलटा फिरतो.

वासे आणि रिपा विटांपासून ५० मिमी लांब हवेत. बऱ्याच घरांत वासा थेट धुराड्यात टेकवलेला असतो. तो आता कापून आडव्या तुळईवर घ्या. चुलीपासून टीपर्यंतचा उघडा पाइप असेल तर तो लाकडापासून ४५० मिमी लांब.

मालवणी_माजघर:
आणखी एक. स्वयंपाकघरात विजेची चिमणी बसवायची आहे, तिचा पाइप याच धुराड्यात सोडला तर? गीझरचाही?

तापमापी:
दोन्ही नाही, ताई. विजेच्या चिमणीतून तेलाची वाफ जाते, ती काजळीवर बसली की धुराडं पेटायला ठिणगी पुरे. आणि ती वेगळ्या भोकातून बाहेर सोडली तरी लक्ष ठेवा. ताशी हजार-बाराशे घनमीटर हवा ओढणारी चिमणी बंद खोलीत चालू केली की ती हवा धुराड्यातूनच खाली ओढते, म्हणजे चुलीचा धूर घरात. दोन्ही चालू असतील तेव्हा खिडकी उघडी पाहिजे. गॅस गीझरला स्वतःचा वेगळा पाइप. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोच्या वर पाणी निघतं, ते गार धुराड्यात सोडलं तर वर जे सगळं लिहिलंय ते पुन्हा पहिल्यापासून.

करूळघाट:
काम सुरू केलंय. डमी वरून साडेतीन मीटरवर अडकतोय. १८० चा डबा केला तर जातो. १२५ चा पाइप टाकू का?

गवंडीकाम:
पाइप लहान करू नका, चुलीचं तोंड १५० आहे, धूर मागं फिरेल. साडेतीन मीटर म्हणजे तुमच्या माळ्याच्या पातळीच्या आसपास असणार. तिथं बहुतेक विटेचा माल आत आलाय किंवा एखादी वीट सरकली आहे. मोबाईल सोडून कुठल्या बाजूला आहे ते बघा, माळ्यावरून त्या बाजूच्या दोन विटा काढा, आतला माल छिन्नीनं उडवा, विटा परत बसवा. अर्ध्या दिवसाचं काम.

उद्यमनगर_शीटमेटल:
आणि समजा धुराडंच तिथं कलतं झालेलं निघालं, तर तेवढ्या एका मीटरपुरतं २५ ऐवजी १३ मिमीचं ब्लँकेट घ्या. बाहेरचा व्यास १७६ होतो, तुमच्या १८० च्या डब्यातून जातोय म्हणजे तेही जाईल. ती जागा माळ्याच्या आत आहे, उघड्यावर नाही, तिथं पातळ अस्तर चालतं. छपराच्या वरच्या भागात मात्र २५ च.

करूळघाट:
वीटच निघाली, उत्तरेकडची. काढून घेतली, २०० चा डबा आता खालपर्यंत जातोय. नळ्या उद्या येताहेत.

ओळंबा:
नळ्या आल्या की सोडायच्या आधी प्रत्येकीची शिवण आतून हात फिरवून बघा. वेल्डचा खडबडीत दाणा आत राहिला असेल तर तिथंच काजळी धरते, तो घासून घ्या. सगळं बसल्यावर टोपी लावायच्या आधी खाली ओल्या गवताचा धूर करा, वरचं तोंड पोत्यानं झाका आणि माळ्यावर टॉर्च घेऊन भिंत बघा. कुठंही धूर झिरपला तर तो जोड आत्ताच सापडेल. स्लॅबला चौदा दिवस होईपर्यंत मोठा जाळ नको, आधी आठवडाभर शेणीचा बारीक जाळ. बाहेरच्या विटांना सिलेन-सिलॉक्सेनचं (विटेत पाणी मुरू न देणारं) पाणी मारायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, विटा पूर्ण सुकल्यावर, दोन हात, पहिला ओला असतानाच दुसरा.